लेव्हल लावण्यापुरतं

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि निश्चय केला. घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ. तलाठी म्हणून आयुष्य सात-बारा लिहिण्यात गेलं, गळा तसाच पडून राहिला. आता रिटायर आहे, कारण सांगायला जागा नाही. १४ एप्रिलच्या जयंतीला दहा गाण्यांचा अल्बम. शब्द, चाल, पेटी, आवाज सगळं माझं.

सॉफ्टवेअर सगळं ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि कायदेशीर. नोकरीत असताना सरकारी पेनसुद्धा घरी आणलं नाही, आता चोरीचं सॉफ्टवेअर वापरू काय?

बायकोला, सुलक्षणाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." उत्साह दाखवायची तिला सवय नाही.

३० जानेवारी

आमच्या मुलीने, प्रेरणाने पुण्याला जाताना तिचा जुना लॅपटॉप इथे ठेवला होता. त्यावर लिनक्स टाकलं. व्हिडिओत बघून स्वतः टाकलं. मध्येच त्याने विचारलं की सगळी डिस्क पुसू का. मी हो म्हटलं. नवं घर बांधताना जुनं पाडावंच लागतं.

संध्याकाळी प्रेरणाचा फोन. तिचे कॉलेजचे फोटो त्यात होते म्हणे. आजीचेही. मी म्हटलं, अगोदर सांगायचं. ती फक्त "ठेवते पप्पा" म्हणाली. या पिढीला बॅकअपचं महत्त्व कळत नाही.

६ फेब्रुवारी

मागची खोली स्टुडिओ. भिंतीवरून आवाज परत येतो, त्याला रिफ्लेक्शन म्हणतात. उपाय सापडला. इंद्रायणी तांदळाची पोती भिंतीला लावून थप्पी केली, वर गोधड्या टांगल्या. पुण्यात यासाठी फोम विकत आणतात. आपल्याकडे भात पिकतो.

तक्रार: सुलक्षणा रोज तांदूळ काढायला स्टुडिओत येते. वर कामाच्या नादात गुणगुणते. तिला सांगितलं, इथे गुणगुणायचं नाही, माईक फार सेन्सिटिव्ह आहे.

१२ फेब्रुवारी

नसरापूरहून माईक आणि साऊंड कार्डचा डबा आणला. दुकानदार म्हणाला, भाऊसाहेब, यूट्यूब चॅनेल काढताय व्हय? मी नुसता हसलो. यूट्यूब ही छोटी गोष्ट आहे.

चार गाणी सलग घेतली. सुंदर.

१३ फेब्रुवारी

प्रेरणाला एक फाईल पाठवली. तिने ऐकून विचारलं, पप्पा, हे बादलीत रेकॉर्ड केलंय का? मग सेटिंग बघायला लावलं. नवा माईक स्टँडवर नुसता उभा होता, आवाज लॅपटॉपच्या आतल्या माईकने घेतला होता. म्हणजे कालचं रेकॉर्डिंग नव्हतंच, रिहर्सल होती. रिहर्सल फार चांगली झाली.

२२ फेब्रुवारी

ढोलकीला सावळाराम आले होते. जयंतीच्या मिरवणुकीत आजवर तेच वाजवत आलेत. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. माझा आवाज ढोलकीच्या मागून येत होता. याला लेटन्सी म्हणतात. आवाज कॉम्प्युटरच्या आत जाऊन परत यायला वेळ लागतो. सावळारामांना समजावलं. त्यांनी हेडफोन काढला, तसंच एकदा माझ्याबरोबर वाजवलं आणि म्हणाले, "मिशीन काढलं तरी तुमी मागंच ऱ्हाताय की."

जुन्या माणसांना टेक्नॉलॉजी पटत नाही. पेटी आणि ढोलकी मात्र उत्तम आली. आवाज नंतर चढवणार.

९ मार्च

अल्बमचा विचार बदलला. दहा गाण्यांपेक्षा एकच, पण असं की लोकांनी विचारावं कुणाचं. 'हे ज्ञानभास्करा, तव प्रखर तेजोमय किरणांनी' हे घेतोय. भाषा उंच आहे. लोकांना उचलून वर आणायचं असतं.

१६ मार्च, सकाळी

मंडळाचा अध्यक्ष अभिषेक आला होता. चांगला मुलगा, टेम्पो चालवतो, पण कलेची जाण आहे. तुमचं गाणं मिरवणुकीत मोठ्या साऊंडवर लावू म्हणाला. आपल्या उत्रोलीचं गाणं भोरच्या चौकात वाजणार. त्याने तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं. शंभरएक माणसांनी हात जोडले.

आता माघार नाही.

२३ मार्च

अडचण: मीच गायक, मीच इंजिनिअर. माईकसमोर उभा राहिलो तर पडदा दिसत नाही, पडद्यासमोर बसलो तर माईक लांब. म्हणून लेव्हल लावण्यापुरतं सुलक्षणाला माईकसमोर उभं केलं. माझे शब्द कागदावर मोठ्या अक्षरात दिले. 'तव प्रखर'ला अडखळली. मी म्हटलं, काहीही म्हण, फक्त पडद्यावरचा आवाजाचा काटा हलायला पाहिजे.

तिने डोळे मिटून माझ्याच चालीवर भलतेच शब्द म्हटले.

*लेक माझी वाचिती गं, पाटीवर बोट ठेवून*
*बाबा, तुमच्या नावाचं अक्षर मोठ्यानं बोलून*

पूर्ण म्हटलं. कडव्यांसकट. कुठले शब्द म्हणून विचारलं. म्हणाली, "माजी आई म्हनायची. वेल्ह्याला, भाताची लावणी करताना. मी चौथीत व्हते, ते माज्यावरच हाय."

ठीक आहे. शब्द घरगुती आहेत. लेव्हल मात्र बरोबर लागली. 'टेस्ट' नाव देऊन ट्रॅक ठेवून दिला.

२९ मार्च

आवाज चढवायला सुरुवात. पंखा बंद ठेवावा लागतो. गोधड्या, पोती, मी, सगळं तापलेलं. एका टेकला भंगारवाला, एकाला एसटीचा हॉर्न, एकाला पोत्यातल्या सोंडकिड्याने नाकात शिरकाव केला. माझा दोष एकाही टेकमध्ये नाही.

२ एप्रिल

सूर सरळ करणारा फुकटचा प्लगइन मिळाला. लावला. आवाज गांधीलमाशीसारखा झाला. थोडा कमी केला. आता सामान्य माशीसारखा आहे. यालाच मॉडर्न म्हणतात.

६ एप्रिल, दुपारी

झालं! शेवटी आवाजाची तुलना करायला टेस्ट ट्रॅक चालू केला, माझा म्यूट केला, पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, लाल झाली. घाईघाईने फाईल काढली आणि अभिषेकला पाठवली. ऐकत बसलो नाही. अनुभवी माणसाला प्रत्येक वेळी ऐकावं लागत नाही.

७ एप्रिल

आयुष्यातला मोठा दिवस. अभिषेकचा फोन. विहारात सगळ्यांनी बसून गाणं ऐकलं. दोनदा. बाया रडल्या. त्याची आई रडली. सावळाराम बाहेर जाऊन उभे राहिले म्हणे. मी म्हटलं, अरे, साधना आहे ती.

मग तो म्हणाला, "भाऊसाहेब, ती बाई कोन हाये वो गानारी?"

नंतर

काल गेलेली लाईट आज आली, तेव्हा फाईल ऐकली. माझा ट्रॅक म्यूट. टेस्ट चालू.

अभिषेकने विचारलं तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं, पण अंदाज आला. बोलायला वेळ कमी होता. मी म्हणालो, पुण्याची आर्टिस्ट आहे, बोलावून घेतली होती. तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं, मग तुमचं गाणं कुठाय? एवढं सगळं फोनवर समजावता येत नाही.

शिवाय प्रोड्यूसर मीच आहे. सुलक्षणाला सांगितलं की तुझी टेस्ट चुकून गेली, लोकांना बरी वाटली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. विचारलं, "खरं?" मग पुन्हा लाटायला लागली. आर्टिस्टचं तिला सांगितलं नाही. लहान गोष्ट आहे.

९ एप्रिल

माझ्या आवाजातलं गाणं अभिषेकला वेगळं पाठवलं. मेल व्हर्जन म्हणून. उत्तर: "ह्ये बी चांगलंय भाऊसाहेब. बगू, टाईम उरला तर." समजूतदार मुलगा आहे. नाही म्हणाला नाही.

१४ एप्रिल

मिरवणूक चौकात आली. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. सुलक्षणा कालपासून साडीला इस्त्री करत होती. अभिषेकने गाणं लावलं. मी साऊंडजवळ उभा होतो, टेक्निकल बाजू बघायला. बेस थोडा जास्त होता, बाकी सगळं मी लावलेल्या लेव्हलला.

लोक नाचायचे थांबले. पोरंसुद्धा. म्हातारे टोप्या काढून उभे. पुढच्या कडव्याला बाया बरोबर म्हणू लागल्या. सुलक्षणा गर्दीत होती. तिने माझ्याकडे बघितलं. एवढं हसताना तिला कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

गाणं संपल्यावर अभिषेकने माईक घेतला. निर्माते आपले भाऊसाहेब गोरखराव, टाळ्या. आणि गायिका, खास पुण्याहून आलेल्या आर्टिस्ट, त्यांचं नाव भाऊसाहेब सांगतील. माईक माझ्याकडे केला.

मी म्हणालो, त्यांना प्रसिद्धी आवडत नाही.

टाळ्या पडल्या. मी अँप्लिफायरकडे बघत होतो. त्याचा एक दिवा लुकलुकत होता, कुणीतरी बघायला हवं होतं.

१५ एप्रिल

काल सुलक्षणा बायांबरोबर परत आली. साडी घडी घालून ठेवली. भात लावला. मी समजावलं की मंडळाची गडबड, अभिषेकचा घोटाळा, नाव सांगायची ती वेळ नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजं नाव घ्याचं नव्हतं, तर नसतं घेतलं. दुसरीचं कशाला घेतलं?"

दुसरी कुणी नाहीच, हे मी तिला सांगितलं. म्हणजे तसं कुणाचंच नाव घेतलेलं नाही. यावर ती उठून भात उतरवायला गेली. मुद्दा पटला असावा.

२० एप्रिल

स्टुडिओ शांत आहे. काटा जागचा हलत नाही. सुलक्षणा तांदूळ काढायला येते, पोतं उघडते, बांधते, जाते. गुणगुणणं पूर्ण बंद. फेब्रुवारीपासून मी हेच सांगत होतो.

प्रेरणाचा फोन आईला येतो. माझी चौकशी करते का, असं विचारलं. सुलक्षणा म्हणाली, इचारती की. काय विचारते ते सांगितलं नाही.

२७ एप्रिल

अभिषेक आला. बुद्ध पौर्णिमेला त्या बाईंचं दुसरं गाणं पाहिजे. आणि बाईंना बोलवा, विहारात शाल देऊ. सुलक्षणाने त्याला चहा दिला. तो तिला म्हणाला, "काकू, तुमी ऐकलंय ना? काय आवाज हाय!" ती म्हणाली, "ऐकलंय."

तो गेल्यावर मी प्रस्ताव ठेवला. एकदाच माईकसमोर उभी राहा. शब्द तुझे, हवे ते. या वेळी नाव टाकू. ग्रुपवर टाकू, मोठ्या अक्षरात.

ती म्हणाली, "पुन्याच्या बाईला इचारा."

मी म्हटलं, चेष्टा करू नकोस. ती म्हणाली, "चेष्टा न्हाई. ते माज्या आयचं गानं व्हतं. सगळ्या भोरानं ऐकलं आनि आय कुनाची, ते कुनाला म्हाईत न्हाई." कपबश्या घेऊन आत गेली.

मनधरणी मला जमत नाही. वेळ द्यावा लागेल.

४ मे

निर्णय घेतला. अभिषेकला स्टँडवर गाठलं आणि सगळं खरं सांगितलं. गाणारी सुलक्षणा. पुण्याची कुणी नाही. असं करायला धाडस लागतं.

तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी मोठी मानसं. पन त्या बाईंची शाल काकूंना मिळावी म्हनून असं बोलताय व्हय? बरं न्हाई दिसत ते." मी म्हटलं, घरी चल, तिलाच विचार.

आला. विचारलं. सुलक्षणा दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई बाबा."

अभिषेकने माझ्याकडे बघितलं. टेम्पो घेऊन गेला. रागावला नव्हता. त्याला माझी कीव आली होती, तेवढं मला कळतं.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात गर्दी. दुसरं गाणं नाही म्हणून पहिलंच पुन्हा लावलं. माझा आवाज कुणी मागितला नाही. मी पाठवलाही नाही, पाठवायचा मूड नव्हता. शाल कपाटात ठेवली आहे, बाई येतील तेव्हा देऊ म्हणाले.

सुलक्षणा खीर वाढत होती. मी रांगेत होतो. माझ्या पुढे ठकुबाई, सावळारामांच्या मंडळी. गाणं चालूच होतं. ठकुबाईने वाटी पुढे केली आणि सुलक्षणाला म्हणाली, "अगं, ह्यो आवाज तुज्यासारखाच वाटतोय बग. तू म्हनतीस का कदी?"

सुलक्षणाने खीर वाढली. म्हणाली, "न्हाई बाई. आमच्या घरात कुनी गात न्हाई." आणि डाव माझ्या वाटीकडे वळवला.

ठकुबाईने माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण खीर गरम होती आणि मी पहिला घोट घेतलेला होता.