आयत्या वेळचा विषय

बाबा, कोथरूडचं तुमचं घर आज विकलं. किल्ल्या देऊन खाली आले आणि गाडीत बसून हे लिहितेय. वाटलं होतं, इतक्या वर्षांत राग निवळला असेल. नाही निवळला.

फंडाचे पैसे माझ्या कंपनीत घातलेत तेव्हा तुमची मान नातेवाइकांत ताठ होती. मुलगी बिबवेवाडीत दोन खोल्या घेऊन ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारे डबे बनवते, सुटे भाग बुधवार पेठेतून स्वतः आणते, हे तुम्ही न विचारणाऱ्यालाही सांगायचात. तेव्हा जिथे तिथे संगणक येत होते. एका बँकेनं आमचे डबे मुख्य कचेरीत चाचणीसाठी बसवून घेतले होते. ते नीट चालले तर सगळ्या शाखांत आमचाच माल. अख्खी कंपनी त्या एका होकारावर टांगलेली, चाचणीची मुदत उलटली तरी डबे फुकट वापरात, आणि होकार लांबत चाललेला. बँका अशाच असतात, जरा दम धरा, असं मी तुम्हाला रोज सांगत होते. पण तुमचा जन्म कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेलेला. चलनावरची परतीची मुदत उलटली की बाहेर गेलेला माल दारात हजर पाहिजे. मला न विचारता तुम्ही भर कामाच्या वेळी बँकेत गेलात, वायरी उपटल्यात आणि डबे रिक्षात घातलेत. काउंटर बंद पडले. अधिकारी धावत आले, तर त्यांना म्हणालात, "साडी नेसून बघायला दिली होती, नेसून लग्नाला जायला नव्हे." हे मला घरी येऊन हसत सांगितलंत. ऑर्डर परदेशी कंपनीला गेली. असल्या फुकट्यांची ऑर्डर हवीय कोणाला, एवढंच तुमचं म्हणणं.

मी भांडले नाही. भांडण तुम्हाला आवडलं असतं. मी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायला गेले आणि तुमच्याशी केवळ भागधारक म्हणून वागायचं ठरवलं. कंपनीत भागधारक दोनच, तुम्ही आणि मी. दर वर्षी सर्वसाधारण सभेची नोटीस तुम्हाला रजिस्टर पोस्टानं जायची, वर "आदरणीय भागधारक". तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून यायचात, हजेरीवर सही करायचात. शाळांना आणि सायबर कॅफेंना चार डबे विकून तगलेल्या कंपनीचा अहवाल मी तुम्हाला उभी राहून वाचून दाखवायचे. माननीय सभासदांना काही शंका? तुम्हाला कधी शंका नसायची. ते बघून मला फार बरं वाटायचं. आई गेली त्या वर्षीसुद्धा मी नोटीसच पाठवली.

मग मोबाइल कंपनीची मोठी ऑर्डर आली. मी फोन केला नाही, सभेसाठी राखून ठेवली. करारावर सही झाल्याचं सावकाश वाचलं आणि पुढचं वाक्य मुद्दाम तुमच्याकडे बघून वाचलं: या कामी कोणत्याही भागधारकाचा हस्तक्षेप झाला नाही, हे नमूद करताना संचालकांना आनंद होतो. त्या वाक्यावर मी आठवडाभर काम केलं होतं. तुम्ही मान हलवलीत, "छान झालं" म्हणालात. मग शाळेतल्या मुलासारखा हात वर केलात.

"आयत्या वेळच्या विषयात एक ठराव मांडतो. संचालकांनी रविवारी घरी जेवायला यावं. मला खिचडी जमते आता."

"विषयपत्रिकेत नाही," मी म्हणाले.

"बरोबर आहे," असं म्हणून तुम्ही चष्मा खिशात ठेवलात आणि जिना उतरून गेलात. पुढच्या सभेआधी तुम्ही गेलात.

हा कागद गाडीच्या खणातच राहील. बँकेचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि ते वाक्य आजही मी तसंच वाचेन, एक शब्द न बदलता. एवढंच कबूल करते की त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, आणि तुम्ही खिचडी म्हणालात तेव्हा मला सपाटून भूक लागली होती.