माती झाली नाही

पालिओखोरी,
बुधवार, ६ ऑक्टोबर १९७१

पोलिक्सेनी वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा निदान जिना चढण्याइतका तरी बरा असेल, असं धरून चालते. इकडे देवाच्या कृपेने ठीक. अक्रोड उतरवून झाले. बकरी विकली, कोंबड्या शेजारच्या फोतिनीला दिल्या.

तुमचा निरोप बसवाल्याने काल चौकात, चारचौघांसमोर दिला. "वहिनीला सांग, आमच्या घराण्यातली बाई नवऱ्याला अर्धवट टाकून मुलीच्या दारात जाऊन बसत नाही." बसवाला बिचारा खाली मान घालून बोलला. तुम्ही पाकीट वापरलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी तुमच्या भावाची कबर उघडली, तेव्हा तुम्हाला बोलावलं नाही. गावात मी सांगितलं की पत्र पोचलं नसेल. पत्र मी लिहिलंच नव्हतं. त्याला पुरून पाच वर्षं झाली होती. हाडं वाइनने धुवायची, पेटीत घालून देवळाच्या खोलीत ठेवायची, की कबरीवरचा रोजचा दिवा संपला आणि मी मोकळी. माझ्या लेकीला, असिमीनाला, "रविवारी वोलोसला येते" म्हणून कळवूनही टाकलं होतं.

फोतिनी खणत होती. मधेच फावडं थांबवून म्हणाली, "एवांथिया, तू जरा मागे हो गं." मी झाले नाही. त्याचा कोट तसाच होता. कोटाच्या आत तोही. माती झालीच नव्हती.

बायकांचं विलापाचं गाणं थांबलं. एक म्हातारी म्हणाली, "कुणीतरी याला बांधून ठेवलंय. कुणाचा तरी तळतळाट!" दुसरी म्हणाली, "तळतळाट कशाला हवा? पोटच्या पोरीला भर पावसात दाराबाहेर ठेवलं, ते काय थोडं झालं?" फोतिनीने तिला कोपर मारलं.

आपल्या देवळाचे पाद्री, पापा-लेफ्तेरिस, यांनी पुन्हा माती लोटायला सांगितली. मला म्हणाले, "आणखी तीन वर्षं दिवा लाव, बाई. आणि मनात काही धरलं असशील तर सोड."

मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तो गेला त्या दुपारी तुम्ही उशाशी होता. त्याने रीतीप्रमाणे सगळ्यांची क्षमा मागितली. माझ्याकडे वळला तेव्हा मी औषधाचा पेला विसळायला उठले. तुम्ही बाही ओढलीत, "म्हण ना गं, दोन तर शब्द आहेत!" मी विसळत राहिले. बाहेर येऊन तुम्हीच लोकांना सांगितलंत, की वहिनीने क्षमा केली. मीही गप्प बसले. पाच वर्षं एकही संध्याकाळ दिवा चुकवला नाही, वहीत तारीखवार लिहिलंय. पण ते शब्द काही म्हटले नाहीत.

का नाही, तेही लिहिते. असिमीना त्या शिंप्याशी लग्न करून दारात आली, तेव्हा तो कडी काढायला उठला होता, वन्सं. तुम्ही म्हणालात, "दादा, कडी काढलीस तर या घरात मी पाणी पिणार नाही." तो परत बसला. पोरगी बाहेर "बाबा, बाबा" करत होती.

आणि मी तुमच्यासाठी कॉफी ठेवली. साखर किती, असंही विचारलं.

सोमवारी कबरीपाशी जाऊन म्हणायचा प्रयत्न केला. जीभ वळली नाही. ज्या बाईने कॉफी ढवळली, तिने त्याला कसली क्षमा करायची?

म्हणून शुक्रवारच्या बसने मी निघते आहे. आधी असिमीनाच्या दारात उभी राहून स्वतःसाठी क्षमा मागेन. तिने दिली, तर तुमच्या भावाला मी तिथूनच देईन. नाही दिली, तर तो तसाच राहील आणि मीही.

तुमच्यासाठी मी मागणार नाही. तुमचं तोंड तुम्हीच घेऊन जा. घराची किल्ली पापा-लेफ्तेरिसांकडे ठेवली आहे. तोवर कबरीवरचा दिवा तुम्ही लावा.

तुमच्या भावाची बायको, असिमीनाची आई होण्याइतक्या वेळेत पोचेन की नाही कोण जाणे,

एवांथिया