धुण्याचा दगड

गिरडजवळून, ४ जानेवारी २०२५

माह्या धुण्याच्या दगडाचा कोपरा फोडून नेला, अन् वर त्याच दगडावर तुह्या कालेजातल्या सरनं तंबाखूचा खर्रा थुंकला. तीन बादल्या पाणी ओतलं, लाली जात नाई. मंग आंघोळ केली, तवा कुठं बरं वाटलं.

चि. स्वीटीले आशीर्वाद, जय सेवा. फोनवर तू हो-हो करून ठेवून देतं, म्हणून कागद घेतला. बांधावर दगडाचे ढीग पडले, पण सरले विहिरीवरचाच पाह्यजे. का तं चकाकते! पन्नास वर्सं मी घासला तो. तुह्या आज्यानं माह्या माहेराहून, चांद्याच्या पल्याडून, बैलबंडीवर आणला. आस मोडला, बैल लंगडला, पण दगड सोडला नाई. धुवाले दगड नसंल तं नांदाले येत नाई, म्हटलं होतं मी. फोडाच्या आधी इचारलं असतं तं तोंड झिजलं असतं काय?

उरला तेवढा लोभ ठेवजो.
आजी रामबाई

नागपूर, ११ जानेवारी

ती. आजीस सा. न., जय सेवा.

थुंकीबद्दल मीच माफी मागते. पण दगड बंडीनं आला हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी बर्फाच्या नद्यांनी दूरचे दगड खरवडत आपल्याकडे आणून टाकले. दगडाची पूड करून त्यातल्या झिरकॉनच्या बारीक दाण्यांचं वय मोजलं, की तो कुठल्या डोंगराचा ते कळतं. तुझ्या दगडाचं वय बांधावरच्या एकाशीही जुळलं नाही. सर नाचलेच! बर्फ नव्याच दिशेनं आला म्हणे. नमुन्याच्या पाकिटावर मीच लिहिलं होतं, ‘आजीचं वावर’. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. सरांना तुझी बंडी सांगितली तर हसले. म्हणाले, म्हातारीला कोण विचारायला जातं, गप्प राहा. आजी, राहू का गप्प? दोन वर्षं गेलीत माझी.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझी स्वीटी

गिरडजवळून, १५ जानेवारी

दगडावरची लाली परवा गेली एकदाची. तुह्यं पत्र वाचून मात्र पुन्हा आंघोळ करावीशी वाटली. शी!

चि. स्वीटीले आशीर्वाद, पण अर्धाच. बर्फानं आणला म्हणे! बंडीत त्या दगडाजवळ मी बसली होती, बर्फ नोता. गप्प राहू का म्हणून मलेच इचारतं? दोन वर्सं गेली तं तिसरं घाल. शनवारी येजो. बांधावरचे दगड पाटीनं मी उचलून देतो, पाह्यजे तेवढे फोड. अन् त्या पाकिटावरचं माह्यं वावर खोड. तुह्या आज्याचं नाव मी जन्मात तोंडातून काढलं नाई, पण लिव्हून देतो, तसंच उतरव: जंगूच्या बंडीनं आणला, रामबाईच्या माहेराहून.

बाकीचा आशीर्वाद शनवारी. याचं उत्तर तू देऊ नको. पत्र सरच्या हाती दे. म्हातारीले त्यानंच लिव्हावं, सोताच्या हातानं.

रामबाई