कमरेचा दोर

केलगेरी, धारवाड
मंगळवार, सकाळी

प्रिय साकेत,

पार्सल उघडशील तेव्हा हे पत्र अगदी वर सापडेल. आधी हे वाच, मग बाकीचं उपस. आईची चटणीपूड कुठं पळून जात नाही. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांची दीपश्री सुट्टी संपवून तुमच्या पर्थला परत निघाली आहे, ती शुक्रवारी तुझ्या हातात हे देईल. रविवारी तुम्ही तिघं मित्र बोटीतून खोल समुद्रात मोठ्या माशामागं जाणार. म्हणजे तुझ्यापाशी मधला एक शनिवार आहे, आणि तेवढ्यात मला तुझ्याकडून एकच गोष्ट करून घ्यायची आहे: पाण्यावर तरंगणाऱ्या त्या फ्लोटचा दोर कमरेचा सोडायचा. फोनवर सांगून झालं, मेसेज करून झाले. तू हसणारी पिवळी तोंडं पाठवलीस. फोनवर बोलताना आई शेजारी बसलेली असते, तिच्यासमोर जे बोलता येत नाही तेही यात आहे. म्हणून हा कागद.

तुझ्या या नादावर मी किती चिडलो होतो ते तुला ठाऊक आहे. आपल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर बसतो, आणि वादिराज मास्तरांचा मुलगा श्वास कोंडून, भाल्याची बंदूक घेऊन सुरमई मारतो! सहा महिने मी तुझ्याशी धड बोललो नाही. मग गणपतीत तुझा फोन आला. म्हणालास, अप्पा, तुम्ही छत्तीस वर्षं पोरांना प्लावक बल शिकवलंत, आता मला जरा फ्लोट निवडून द्या की. झालं, मी विरघळलो. बापाला विरघळायला काय लागतं रे? मासा मारण्याचं पाप तुझं तू बघून घे, पण माझा मुलगा पाण्यावर राहिला पाहिजे, एवढं मी मनाशी ठरवलं आणि कामाला लागलो.

पहिली शाळा आपल्या अंगणातल्या संपात, त्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतच भरली. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट बंद करून पाण्यात सोडला आणि त्याखाली वाळूच्या पिशव्या अडकवत गेलो. आठव्या किलोला कॅन बुडाला. वाळू पाण्यात हलकी भरते, ते धरलं तर पाच लिटरला पाच किलो, गणित चोख. तुझी आई मात्र दोन दिवस पिण्याच्या पाण्यात वाळू आली म्हणून माझ्या नावानं शंख करत होती. म्हणाली, मुलगा परदेशात वेडा झालाय, आता बापही इथं संपात उतरणार. मी म्हटलं, कमल, उतरणार नाही, नुसता वाकतोय. तिनं तरीही माझ्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.

मग जे ठरवलं ते तुला तेव्हाच कळवलं होतं, तरी परत लिहितो. हवा भरायचा फ्लोट स्वस्त आणि सुटसुटीत, पण माशाचा दात लागला की संपलं. कडक फोमचा घे. एकच मोठा घेण्यापेक्षा मध्यम आकाराचे दोन, एकामागं एक, आणि त्यांच्यामधे रबरी ताणाचा दोर. साधा दोर हिसका देतो, हिसक्यानं भाला मांसातून निसटतो. रबरी दोर माशाला ओढू देतो आणि मग सावकाश त्यालाच मागं ओढतो. पहिला फ्लोट बुडवून, दुसरा ओढताना कितीही दांडगा मासा दमतोच. खालचा लांब दोर भडक रंगाचा आणि जरा ताठ घे, मऊ दोर पाण्यात वेटोळी घालतो. निशाण आणि शिशाची वजनं अडकवायचा पट्टा मी इथूनच पाठवतोय. दोन्ही हुबळीला दुर्गद बैल बाजारातल्या यशवंत ताडपत्रीवाल्यानं शिवलेत. पट्ट्याची कडी डाव्या हातानं, डोळे मिटून, एका झटक्यात सुटते. मी यशवंतच्या दुकानात उभा राहून चाळीस वेळा सोडून बघितली. तो शेवटी म्हणाला, मास्तर, पँट सांभाळा.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. गेल्या रविवारी तुझा फोटो आला. बोटीच्या कठड्याशी तू उभा, पायाशी दोन केशरी फ्लोट, आणि त्यांचा पांढरा दोर सरळ तुझ्या कमरेला. दोन गाठी. खाली लिहिलंस, घरची पद्धत! साकेत, मी फोन पालथा घातला आणि चहा तसाच ठेवून उठलो. आईला सांगितलं, चहा गार झालाय.

तुझी मांडणी कशी आहे ते मास्तराच्या पद्धतीनं सांगतो. वर फ्लोट, त्याखाली तू, तुझ्याखाली बंदूक, बंदुकीला भाला आणि भाल्याला मासा. त्या साखळीतली एक कडी तू आहेस. तीस-चाळीस किलोचा मासा खाली पळाला तर फ्लोट वर ओढणार, मासा खाली ओढणार, आणि मधल्या गाठीवर दोन्हीकडून ताण येणार. ओली गाठ ताणाखाली सुटत नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्यात तू श्वास कोंडलेला. दोर सरळ फ्लोटपासून भाल्याला गेला पाहिजे, बंदूक त्यातून मोकळी झाली पाहिजे, आणि तू त्यात कुठंच नको. मासा गेला तर जाऊ दे, दोन्ही फ्लोट गेले तरी जाऊ देत. नवे घेता येतात.

हेच मी फोनवर सांगितलं, तर तू काय म्हणालास? इथले पोरगे पण हेच सांगतात अप्पा, पण त्यांना काय माहीत! श्रीहर्षकाकाची गाठ सुटली म्हणून तो विहिरीत गेला, हे ऐकत मी मोठा झालोय. आणि तुम्हीच आज उलटं सांगता? आत्याला विचारा बघू, ती काय म्हणते.

तू म्हणतोस ते खरंच आहे, नियम घरचाच. तू आठ वर्षांचा होतास, अळणावरच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून उभा होतास, आठवतं? अक्का, म्हणजे तुझी अंबूआत्या, पदर खोचून काठावर. तिनं स्वतः गाठ मारली नाही, माझ्याकडून मारून घेतली. एक नाही, दोन. मग तीनदा ओढून बघितली आणि मगच तुला पाण्यात सोडलं. मी विहिरीत वाकून बघितलं नाही, तुला वाटलं अप्पा पाण्याला भितात. तुम्ही पोरं तिला हसायचात, आत्या डब्याला रबरबँड लावते, पिशवीला टाचणी लावते, पण गाठ कधी मारत नाही म्हणून. परवा तुझ्यासाठी तिनं मेतकूट आणून दिलं, त्या पुडीलाही रबरच आहे बघ. जाताना दारातून परत वळून म्हणाली, वादी, त्याला लिही, दोन गाठी मार म्हणावं, आळस करू नको. मी मान हलवली. हो म्हणालो मी तिला, साकेत.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. श्रीहर्ष दहाचा, मी पंधराचा, अक्का अठराची. मे महिना, विहिरीवर आम्ही तिघंच. त्याचा भोपळा सुटून आठ दिवस झाले होते, चांगला पोहायला लागला होता, सवय म्हणून दोर तेवढा राहिला होता. अक्कानं त्याच्या कमरेला गाठ मारली आणि ती शेंगा काढायला मळ्यात गेली. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. तळाशी पितळी तांब्या पडला होता, तो आणतो म्हणून त्यानं बुडी मारली. आमची खूण ठरलेली होती, एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढ. दोन हिसके आले. मी ओढलं. दोर वर येईना. मला वाटलं तांब्या जड झालाय. मग वाटलं सोंग करतोय, लबाडच होता तो. मग मी पाय रोवले, पाठ मागं टाकली आणि असेल नसेल तेवढ्या जोरानं ओढलं. दोर तळाशी पंपाच्या नळीखालून वळसा घालून गेला होता रे. मी वरून जितका ओढत होतो, तितका श्रीहर्ष नळीकडं खाली जात होता. मी दोर नुसता हातातून सोडला असता, तर तो आपला आपण वर आला असता. त्याला पोहता येत होतं.

माझी बोंब ऐकून शेजारच्या शेतातला लक्ष्मण धावत आला. विळा घेऊनच त्यानं उडी टाकली. गाठ त्याला सुटली नाही, म्हणून दुसऱ्या बाजूनं कमरेचा वेढा कापला आणि श्रीहर्षला वर आणलं. काही उरलं नव्हतं. लक्ष्मणनं एकदा माझ्या हातांकडं बघितलं, तळवे सोलून निघाले होते. म्हणाला, तम्मा, बाळा, गाठ सुटली म्हण. यारिगू हेळबेड, बाकीचं कुणाला सांगू नको. नळीला अडकलेला दोर त्यानंच दुसऱ्या दिवशी गुपचूप काढला. त्याला वाटलं, एक पोरगं गेलं, दुसरं तरी वाचवावं. त्याला मी कधीच दोष दिला नाही. सगळे धावत आले, वडिलांनी मला खांद्याला धरून विचारलं, आणि मी म्हणालो, गाठ सुटली.

त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की आता मला कुणी विचारणार नाही. गाठ मारली कुणी होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतरांच्या डोक्यात मात्र ते बरोबर आलं. पोरीनं नीट बांधलं असतं तर, हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं फिरलं, तिच्या लग्नातही एका म्हातारीनं ते काढलं. मी तिथंच पंगतीत वाढत होतो, वाढतच राहिलो. भ्याडपणा, दुसरं काही नाही. अक्कानं त्या दिवसापासून गाठ मारली नाही, आणि आम्हा सगळ्यांना दोन-दोन मारायला लावल्या. तिचा तो नियम माझ्या खोट्यातून निघाला, आणि तोच आज सातासमुद्रापार तुझ्या कमरेला आहे. लक्ष्मण चार वर्षांपूर्वी गेला. आता खरं सांगणारा मी एकटा उरलो, आणि ते सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, म्हणून हे पत्र. लक्ष्मणनं दोर काढला तेव्हा, कापलेला तो वेढा मी उचलून ठेवला होता, माझ्या प्रयोगवह्यांच्या ट्रंकेत तळाशी आहे. सकाळी बाहेर काढला. दोर पार कुजलाय, पण अक्काची गाठ जशीच्या तशी आहे. दीपश्रीकडं पार्सल दिलं की तो पिशवीत घालून मी थेट नवनगरला तिच्या घरी जातोय. तू हे वाचशील तेव्हा तिला सगळं कळलेलं असेल. ती मला दारात उभं करेल की नाही, माहीत नाही. शनिवारी मोकळ्या कमरेचा फोटो काढ, पण मला पाठवू नकोस, तिला पाठव, आणि फोन करून तिलाच विचार, आत्या, दोर कुठं बांधू?

तुझाच,
अप्पा