फुलपाड्याचं पिंप

आई, आज आपलं फुलपाड्याचं घर रिकामं करायला बसले आहे. इमारत पाडून नवी बांधणार आहेत, महिनाअखेरीस सगळ्यांना बाहेर पडायचंय. दादाला म्हणे सुट्टी मिळत नाही, म्हणजे नेहमीप्रमाणे पसारा माझ्या गळ्यात. आणि पसारा तरी केवढा करून ठेवलास गं. माळ्यावरून श्रीखंडाचे सतरा रिकामे डबे निघाले. जुन्या साड्यांची फडकी निघाली, लादीची वेगळ्या गाठोड्यात, ओट्याची वेगळ्या. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ओट्याचं फडकं लादीला लावायची माझी छाती झाली नाही. डबे मात्र टाकले. रागावू नकोस.

राहता राहिलं मोरीतलं पत्र्याचं पिंप. दादा फोनवर म्हणाला, भंगारात देऊन टाक. द्यायचं म्हणून ते आडवं केलं आणि त्याच्या बुडाकडे बघत तशीच उकिडवी बसून राहिले. बुडाला डांबर नाही. कधी लावलेलंच नाही.

तो दिवस तूही विसरली नसशील. मी चौथीत आहे, दिवाळी चार दिवसांवर आली आहे आणि तू वसईच्या गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जातेयस. पाणी तेव्हा दोन दिवसांआड यायचं, तेही तासभर. पिंप, हंडे, कळश्या, अगदी कुकरसुद्धा तू भरून ठेवायचीस. सकाळी चपला घालताना तू स्वतःशीच पुटपुटलीस, 'यंदा काही घर धुवून होत नाही.' ते माझ्या मनात बसलं. शाळेतून आले, फ्रॉक खोचला आणि दारं, भिंती, लादी, सगळ्याला साबण फासला. संध्याकाळी तू आलीस तेव्हा घर लखलखत होतं आणि प्यायला थेंब नव्हता. पाणी यायला अजून दीड दिवस होता.

तू पिंपाचं झाकण उचललंस. मग पालथे हंडे पाहिलेस. माझ्या तोंडातून निघून गेलं, 'पिंप गळलं.' हंडेही गळले का, असं तू विचारलं नाहीस. नुसतं 'हं' म्हणालीस, बादली घेतलीस आणि जिना उतरलीस. थोड्या वेळाने शेजारणी एकेक करून वर येऊ लागल्या. कुणाकडे कळशी, कुणाकडे नुसता तांब्या. दारात थबकून लादीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, 'फारच गळलं गं तुमचं पिंप.' मला वाटलं, पचलं आपलं खोटं. दोन दिवसांनी तू सांगितलंस, 'बुडाला डांबर लावून घेतलंय, आता गळायचं नाही.' पिंप नेहमी तूच घासायचीस, त्यामुळे बूड बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

मी अशी बसलेली असतानाच खालची काकू चहा घेऊन वर आली. तीच तुझी अर्नाळ्याची मैत्रीण. पंचाहत्तरी ओलांडली, पण आवाज अजून बंदरावरचाच. मी तिला पिंपाचं बूड दाखवलं तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. 'तुला आता समजलं होय गं बाय? तुझी आय बादली घेऊन माझ्या दारात उभी. रडते का हसते तेच समजंना. बोलली, पोरीनं माझ्यासाठी घर आरशासारखं केलंय, पानी सगलं संपलं. तिला कोनी बोलू नका. पिंप गललं, असंच बोला.'

म्हणजे अख्खी इमारत माझं खोटं सांभाळत होती, तू सांगितलंस म्हणून. दहा तास उभ्याने काम करून आलेली तू, घरी पाणी नाही, रांधायचं बाकी, आणि तुला काळजी कशाची तर पोरीच्या तोंडचं पाणी पळू नये याची. माझी लेक खोटं बोलली की मी वकिलासारखी उलटतपासणी घेते. तुझं ते 'हं' मला अजून जमलेलं नाही. त्या एका 'हं'साठी आज तुझे पाय धरावेसे वाटताहेत.

पिंप मी भंगारात देत नाहीये, माझ्या घरी नेतेय. दादाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून मोकळी होते. काकूलाही ती सांगितली नाही. 'पोरीनं माझ्यासाठी' हे तिच्या तोंडून ऐकलं आणि माझी जीभच रेटेना. आई, घर धुवायला दोन हंडेच लागले होते. कळश्यांतलं, कुकरातलं आणि मग पिंपातलं पाणी मी साबणाच्या लादीवर तांब्या तांब्याने ओतलं आणि ओट्यापासून दारापर्यंत घसरत राहिले, पिंप संपेपर्यंत.