चेहरा नको, पट्टी दाखवा

२ जून, सकाळी
संकल्प: माणसं जोडायची. अंगात कला आहे, ती वाया का घालवायची? ऑफिसात दोनशे माणसं, सगळ्यांना नावानं हाक मारतो. साहेब म्हणाले, तुमची मेमरी म्हणजे कमाल. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. मान खाली घालावीच लागते. समोरच्याच्या गळ्यातल्या पट्टीचं ओळखपत्र पोटावर लोंबतं, नाव तिथेच असतं.

४ जून
रिसेप्शनवरच्या बाई आज हिरवी, सूर्यफुलांची पट्टी घालून. ज्याचा त्रास वरून दिसत नाही, त्यानं ही घालायची म्हणे. त्यांना कमी ऐकू येतं. पट्टी बघून लोक सावकाश बोलतात. तोंडावर म्हटलं, छान. मनात म्हटलं, एकेक थेरं!

८ जून, रविवार
मेहुणीकडे जेवायला. निघताना बायकोचा हात धरला, चल म्हटलं. हात मेहुणीचा निघाला. दोघी बहिणी सारख्याच निळ्या साड्या नेसणार, आणि दोष माझा! सगळे हसले, बायको सोडून. घरी येऊन म्हणाली, तुम्ही माझ्याकडे कधी बघतच नाही, माझ्या जागी कोणीही चालेल तुम्हाला. रडली. फार वाईट वाटलं.
संकल्प: रोज पाच मिनिटं बायकोकडे बघणे.

१० जून
बघितलं. पाठ झालं: अंबाडा, चष्मा. तिनं विचारलं, तोंडाला काही लागलंय का?

११ जून
घात झाला. सोमवारपासून दारावरचा कॅमेरा चेहरा ओळखणार. पट्ट्या बंद! फक्त हिरव्या राहणार. साहेबांना म्हटलं, शिस्त रसातळाला जाईल. ते म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला पट्टी कशाला हवी? कपाळ माझं!

१६ जून
पट्टीविना पहिला दिवस. लिफ्टमध्ये अकाउंट्सवाल्याचं बढतीबद्दल अभिनंदन केलं. बढती दुसऱ्याची होती, याची हुकली होती. टक्कल दोघांनाही आहे.
दुपारी एकाला म्हटलं, कुरिअर तिथे ठेवा. साहेब होते. दाढी काढून यायचं तर तसा मेल नको का टाकायला?

१७ जून
आज डोकं शांत. लॉबीत एक आखूड केसांच्या बाई माझ्याकडे बघून हसत होत्या. मी अदबीनं म्हटलं, मॅडम, पाहुण्यांनी तिकडे बसायचं. त्यांचं हसू मावळलं. म्हणाल्या, अहो, घराची किल्ली विसरलात, ती द्यायला आले होते.
आवाज ओळखला. आवाज मी चटकन ओळखतो.
ती तिथेच रडायला लागली. चष्म्याऐवजी लेन्स, केस कापलेले, सगळं मला दाखवायला. रिसेप्शनवरच्या बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी खांबाआड. पहिल्यांदाच काही कारण सुचलं नाही.

१८ जून, सकाळी
चहाच्या टेबलावर बायको. गळ्यात माझी जुनी पट्टी, कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: बायको. माझ्या कपाशेजारी हिरवी, सूर्यफुलांची. म्हणाली, काही लोकांना चेहरेच ओळखता येत नाहीत, असं त्या बाई ही पट्टी देताना सांगत होत्या. मी वेडी, इतकी वर्षं उगाच रुसले.
मी म्हटलं, मला तसं काही नाही. माझी मेमरी म्हणजे कमाल.
मग आरशासमोर जाऊन पट्टी घातली. बायको शेजारी येऊन आरशात बघायला लागली. आरशात दोघं होती. पट्ट्यांवरून कळलं, आपणच.