जमीन भरीव आहे

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची. बोट चार तास इतकी हलली की पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करूनच बेटावर पाऊल टाकलं. धक्क्यावर मुकादम स्वतः आले होते. इथे सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. माझी ट्रंक खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, की यात कपडे भरलेत की दगड. दगडच आहेत म्हटल्यावर मनापासून हसले.

राहायची सोय त्यांच्याच घरात. पुढची खोली, लोखंडी खाट, खिडकीतून थेट चुनखडीची खाण दिसते. वहिनींनी उशीला नवा अभ्रा घातला होता. म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा अगदी असाच. पहिलीच नोकरी आणि भूशास्त्र शिकलेल्या मुलीला असं बेट. आईला कळवायला हवं, तुझ्या लेकीचं नशीब उघडलं म्हणून.

५ फेब्रुवारी
जेवताना वहिनींनी विचारलं, हे बेट आलं तरी कुठून. मी परातीत पाणी घेऊन मध्ये वाटी पालथी घातली. वाटी म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर. तो विझला आणि हळूहळू खचू लागला. त्याच्या काठाला प्रवाळ चिकटलेले, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारे बारीक जीव. उजेड नसला की ते मरतात, म्हणून डोंगर जसा बुडत गेला तसे हे वर चढत गेले, मेलेल्यांच्या डोक्यावर जिवंतांची घरं, अशी लाखो वर्षं. पुढे सगळा तळच उचलला गेला, प्रवाळ उन्हात उघडे पडले आणि त्यांची चुनखडी झाली. वहिनी म्हणाल्या, म्हणजे आपण सांगाड्यांवर चूल मांडलीय तर. दादांना ठसका लागला.

काम सोपं आहे. कंपनीला खाणकामगारांसाठी साठ घरं बांधायची आहेत. त्या जागेत वीस-वीस पावलांवर बोअर मारायचा, दगडाच्या कांड्या बाहेर काढायच्या, तपासायच्या, आणि जमीन भरीव आहे की नाही ते लिहून द्यायचं. माझी सही झाली की पाया खणायला सुरुवात. मशीन चालवणाऱ्याला सगळे गिरमिट म्हणतात. दिवसातून तीन शब्द बोलतो, त्यातले दोन मशीनशी.

९ फेब्रुवारी
सहा बोअर उत्तम. सातव्यात चार मीटरवर दांडा एकदम सुटला, जसा काही खालून कुणी ओढून घेतला. दोरीला दगड बांधून सोडला. आणखी सात मीटर खाली गेला, मग डुबुक्.

हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. पावसाचं पाणी चुनखडीला आतून खातं. आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे बोअरही तसेच. निम्म्या घरांच्या खाली पोकळी आहे आणि वर चार मीटरचं झाकण, तेही भेगाळलेलं. गिरमिटने भोकात डोकावून पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिला.

१० फेब्रुवारी
दादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, भरीव लिहा. घरं झाली नाहीत तर कंपनी खाण बंद करून दुसऱ्या बेटावर जाईल, मग इथल्या दोनशे माणसांनी खायचं काय. मी म्हटलं, एक दिवस पोराबाळांसकट तीस घरं खाली जातील. ते म्हणाले, एक दिवस लांब असतो, भूक उद्याची असते.

मी सही करणार नाही, कंपनीला पत्र लिहिते, असं सांगितलं. बरं, म्हणाले. वहिनींनी रोजच्यापेक्षा जास्त आग्रह करून वाढलं.

१३ फेब्रुवारी
बोट आली आणि गेली. माझं पत्र दादांनी माझ्यासमोर टपालाच्या पिशवीत टाकलं. मग म्हणाले, तुमचंच खरं, मी विचार केला. पण पोकळी केवढी आहे ते कंपनी विचारणारच, तर मापंच घेऊन टाका. झुडपात विहिरीएवढं तोंड आहे, उद्या सकाळी दोरीने उतरवतो.

या माणसाबद्दल मी उगीच वाकडं मनात आणलं होतं.

१४ फेब्रुवारी, दुपार
खालून लिहिते आहे. लांबी एकशे एकतीस पावलं, रुंदी साठ. सोयीसाठी कमरेची दोरी सोडून मापं घेतली. वळून पाहिलं तर दोरी वर गेलेली.

आधी थट्टा वाटली. हाका मारल्या. दादा वाकले आणि आवाज न चढवता म्हणाले, पत्र मी पिशवीतून परत काढलं, मन वळेपर्यंत राहा. सोबत चार खाणकामगार होते. ते दोरी गुंडाळत होते.

१५ फेब्रुवारी
पाणी भरती-ओहोटीबरोबर हलतं. समुद्र कुठून आत शिरत नाही, दगडातूनच झिरपतो. अकराला गुडघ्यापर्यंत, पाचला घोट्यापर्यंत. रोज चढेल. अठराला उधाण. भिंतीवर पाण्याची काळी रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वर वीतभर.

पलीकडच्या कोपऱ्यात कोणीतरी बसलंय. टॉर्च मारला. हाडं, त्यांच्यावर चुन्याचा पातळ थर. कमरेला कंपनीचा हातोडा, अगदी माझ्याकडे आहे तसाच.

मला सांगितलं होतं, ही नेमणूक नवीन आहे, माझ्या आधी कोणी नव्हतं.

१६ फेब्रुवारी
टोपलीतून डबा, पेन आणि कागद. जमीन भरीव आहे, असं टाइप केलेलं. खाली माझं नाव.

कागद सही न करताच वर पाठवला. डबा खाल्ला. लाज वाटली, तरी खाल्ला.

१७ फेब्रुवारी
पाणी छातीला लागलं. टॉर्च संपला. टोपली आली.

सही केली.

तीस घरं, त्यातली मुलं, सगळं माहीत असून केली. टोपली भरभर वर गेली.

दोरी नाही आली.

१७, नंतर
विचारलं. दादा म्हणाले, पहिल्या दिवशी केली असती तर गोष्ट वेगळी. आता बाहेर जाऊन तुम्ही गप्प बसाल, असं मी कुणाच्या भरवशावर मानू.

मग वहिनी वाकल्या. ट्रंकेची किल्ली कुठे आहे, विचारलं. मी सांगितलं. बोअरच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत. का सांगितलं मी—

१८ फेब्रुवारी
वर काँक्रीटचं मशीन फिरतंय. तोंडावर फळ्या. उजेड अर्धा.

वहिनी रडल्या. खोटं नाही, खरंच रडल्या. म्हणाल्या, धडपडू नकोस गं, तुझ्या आधीच्याने धडपड केली आणि चार दिवस लागले. तुझ्या आईला आम्ही नीट कळवू. बोटीतून पडली म्हणून. शोधलं, सापडली नाही म्हणून.

कळवू नका म्हटलं. पाया पडते म्हटलं. फळी सरकली.

पाणी गळ्याशी. वही वर धरून— एका हाताने—

उजेड बोटाएवढा. वरून खडी पडतेय, डोळ्यात—

आई, मी बोटीतून पडले नाही. मी इथेच आहे, बोअर सातच्या खाली, त्या घरांच्या अगदी—